बुलेट जर्नल: एक वही, एक पेन आणि मागील पानावरून पुढे

बुलेट जर्नल असं नुसतं सर्च केलं की जे फोटो समोर येतात ना, वॉटरकलरची फुलं, वळणदार अक्षरं, नक्षीदार कागदी चिकटपट्टी म्हणजे वॉशी टेप, रंगीत पेनांची रांग, ते बघून अर्ध्या लोकांना वाटतं आपल्याला काही हे जमायचं नाही, आणि उरलेले अर्धे उत्साहाने सगळं सामान आणतात, पहिली चार पानं देखणी करतात आणि नव्याचे नऊ दिवस संपले की वही ड्रॉवरमध्ये जाते ती जातेच. त्यांचा काही दोष नाही, कारण मूळ गोष्ट त्या फोटोंमध्ये दिसतच नाही. मूळ गोष्ट दिसायला अगदी बोअर आहे. कामं आणि नोंदी लिहायला साधी वही, चालणारं पेन, पाच-सहा खुणा, आणि महिना संपला की बसून राहिलेली कामं हाताने पुन्हा लिहून काढायची. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच लोक गाळतात. म्हणून या लेखात सजावटीबद्दल जवळजवळ काहीच नाहीये, आधीच सांगून ठेवते.

ही पद्धत काढली रायडर कॅरोल या डिजिटल प्रॉडक्ट डिझायनरने. लहानपणीच त्याला अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर असल्याचं निदान झालं होतं, म्हणजे लक्ष एका जागी टिकायचं नाही, त्यामुळे शिकता शिकता स्वतःपुरत्या युक्त्या करत गेला आणि त्यातून जे उरलं ते त्याने २०१३ मध्ये वेबसाइट काढून सगळ्यांना फुकट सांगितलं. हे सांगायचं कारण एवढंच की ही पद्धत मुळात शिस्तीच्या, टापटीप माणसांसाठी बनलेलीच नाही. ज्यांचं लक्ष उडतं, ज्यांच्या चिठ्ठ्या हरवतात, ज्यांच्या तीन अॅपमध्ये तीन अर्धवट याद्या पडून आहेत, त्यांच्यासाठी ती आहे.

वही कुठली घ्यायची

घरात जी कोरी पडलीये ती. खरंच. पहिले दोन महिने तरी नवीन काही आणू नका, कारण महागडी वही आणली की तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि खाडाखोड न करता ही वही चालवताच येत नाही.

पुढे आणायचीच झाली तर ए५ साइजची, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, बॅगेत मावते आणि टेबलावर अंगावर येत नाही. ठिपक्यांची वही लोकांना आवडते कारण ठिपके ५ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यावर सरळ लिहिता येतं, रेघ मारायची झाली तर पट्टी लागत नाही, आणि लांबून पान कोरं दिसतं. रेघांची वही असेल तरी काही अडत नाही, फक्त एक लक्षात ठेवा: ए५च्या रेघांच्या वहीत पानाला साधारण वीस-पंचवीस ओळी असतात आणि महिन्याचे दिवस एकतीस, त्यामुळे महिन्याचं पान करताना तारखा एका पानात बसत नाहीत. पानाचे उभे दोन भाग करा, डावीकडे १ ते १६, उजवीकडे १७ ते ३१. झालं.

कागद ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) असेल तर साध्या बॉलपेनला आणि ०.५ मिलिमीटरच्या जेल पेनला पुरतो, पण मार्कर किंवा ओली शाई सोडणारं फाउंटन पेन मागच्या बाजूला उमटतं. वहीच्या शेवटच्या पानावर घरातली सगळी पेनं एकेक ओळ लिहून बघा आणि पान उलटून बघा, दोन मिनिटांत कळतं कुठलं चालेल. डावखुरे असाल तर जेलपेक्षा बॉलपेन बरं, हात फिरला की जेल फासटतं. पेन एकच ठेवा. रंगांचं कोडिंग वगैरे सुरुवातीला नकोच, कारण लाल पेन सापडत नाही म्हणून नोंद राहून गेली असं व्हायला लागतं.

पहिल्या पानावर नाव आणि कोणाचा तरी चालू फोन नंबर लिहा, वही हरवली तर परत यायला हवी. पासवर्ड, पिन असलं काही या वहीत कधीच लिहायचं नाही.

पान नंबर आणि इंडेक्स

आता पुढची चार पानं इंडेक्ससाठी सोडून द्या, वर फक्त "इंडेक्स" लिहा. मग पानांना कोपऱ्यात नंबर टाका. सगळ्या वहीला एका बैठकीत टाकायची गरज नाही, वीस-तीस पानांना टाका, बाकीचे पुढे जाता जाता.

इंडेक्स हा प्रकार लोकांना फालतू वाटतो, पण त्याच्यामुळेच या वहीत कुठेही काहीही लिहिता येतं. छापील डायरीत प्रत्येक गोष्टीची जागा आधीच ठरलेली असते, इथे उलट, पुढचं जे कोरं पान असेल तिथे लिहायचं आणि इंडेक्समध्ये एक ओळ टाकायची, की "घर बदलणं: १८, १९, ४३". म्हणजे घर बदलण्याच्या नोंदी मध्येच तुटून पंचवीस पानांनंतर पुन्हा सुरू झाल्या तरी सापडतात. शिवाय १९व्या पानाच्या खाली नंबराशेजारी छोटंसं ४३ लिहून ठेवायचं आणि ४३व्या पानावर १९, म्हणजे इंडेक्सला न जाता उडी मारता येते. रोजच्या पानांना इंडेक्समध्ये टाकायची गरज नाही, महिन्याचं पान टाकलं की त्याच्यामागून रोजची पानं आलीच.

फ्यूचर लॉग

पुढची चार पानं. प्रत्येक पानावर दोन आडव्या रेघा मारून तीन भाग करा, प्रत्येक भागाला एका महिन्याचं नाव द्या, चार पानांत बारा महिने होतात. आत्ता ऑगस्ट चालू असेल तर सप्टेंबरपासून सुरू करा, जानेवारीची वाट बघत बसू नका, ही वही वर्षाच्या मधल्या कुठल्याही मंगळवारी सुरू होते.

इथे काय लिहायचं? ज्याची तारीख या महिन्यात नाही असं सगळं. गाडीचा इन्शुरन्स संपतोय, भाचीचं लग्न, भाडेकरार रिन्यू करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा ब्लड टेस्ट. तारीख माहिती असेल तर तारखेसकट, नसेल तर नुसतं. जागा कमी आहे, मुद्दाम कमी आहे, त्यामुळे एका ओळीत लिहा. कोणाच्या पुढच्या महिन्यांत फारच गर्दी असेल, म्हणजे शिफ्ट, परीक्षा, प्रवास, तर त्यांनी तीनच्या ऐवजी दोन भाग करावेत, बाकीच्यांना तीन भरपूर होतात.

महिन्याचं पान

समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर वर महिन्याचं नाव, खाली उभ्या ओळीत १ ते ३०-३१ आकडे आणि प्रत्येकाच्या शेजारी वाराचं पहिलं अक्षर: सो, मं, बु. दर रविवारनंतर एक बारीक आडवी रेघ मारली तर आठवडे वेगळे दिसतात, डोळ्यांना बरं पडतं. मग फ्यूचर लॉग उघडा आणि या महिन्याचं जे असेल ते त्या त्या तारखेसमोर आणा.

उजव्या पानावर या महिन्यात करायच्या कामांची यादी. सगळ्या कामांची नाही हं. इथे बऱ्याच लोकांचा उत्साह उफाळून येतो आणि यादी पानाच्या मागे जाते. हे एक पान भरलं की थांबा, त्याच्यापलीकडे जे सुचतंय ते या महिन्यात होणार नाहीये हे कागदच तुम्हाला सांगतोय.

डाव्या पानाचा आणखी एक उपयोग आहे जो मला स्वतःला जास्त आवडतो. आधी प्लॅन म्हणून काहीच न लिहिता, दिवस होऊन गेल्यावर रात्री त्या तारखेसमोर एका ओळीत काय झालं ते लिहायचं. "पाऊस, दिवसभर घरी." "रिपोर्ट नॉर्मल." "फ्रिज बिघडला." सहा महिन्यांनी फ्रिजच्या वॉरंटीवरून वाद झाला की ही ओळ कामाला येते.

खुणा, म्हणजे पद्धतीचा जीव

• ठिपका म्हणजे काम
○ गोल म्हणजे घटना, अपॉइंटमेंट, जे ठरलेल्या वेळी होतं किंवा झालं
– आडवी रेघ म्हणजे नुसती नोंद, माहिती, सुचलेलं काही
× ठिपक्यावर फुली म्हणजे काम झालं
> म्हणजे पुढे नेलं
< म्हणजे मागे फ्यूचर लॉगमध्ये टाकलं

आणि काम आता करायचंच नाही असं ठरलं तर अख्ख्या ओळीवर आडवी रेघ. बस. फारच तातडीचं असेल तर ओळीच्या डावीकडे समासात एक चांदणी *, पण पानावर चार चांदण्या झाल्या तर एकही नाही असं समजा.

कामाला ठिपकाच का, चौकोन का नाही, असं वाटेल, कारण बरेच जण टिक करायला चौकोन काढतात. चौकोन काढायला चार रेघा लागतात आणि तो भरला की भरला. ठिपक्यावर दोन रेघा मारल्या की फुली होते, ठिपक्यावरूनच बाण ओढता येतो, खोडायला काही लागत नाही, म्हणजे कामाचं काय झालं ते त्याच जागी दिसतं. पान वरून खाली नुसतं चाळलं की उघडे ठिपके लगेच डोळ्यात येतात, तेवढेच बघायचे.

रोजचं पान

महिन्याच्या पानानंतरच्या कोऱ्या पानावर तारीख लिहा आणि सुरू करा. पुढच्या दिवसांच्या तारखा आधी लिहून जागा आखून ठेवू नका, हे फार जण करतात. उद्या किती लिहाल हे आज माहिती नसतं, एखाद्या दिवशी दोन ओळी होतात, एखाद्या दिवशी दोन पानं. आजचा दिवस संपला की खाली एक ओळ सोडून उद्याची तारीख, पान बदलायचं नाही.

सकाळी साधारण असं काहीतरी दिसेल:

१२ गुरुवार
• विजेचं बिल भरणे
• पासपोर्टच्या फॉर्मसाठी फोटो काढून आणणे
○ ४:३० डेंटिस्ट
• मावशीला फोन
– ऑफिसचा प्रिंटर सोमवारपर्यंत बंद
• घरमालकाला गळणाऱ्या नळाबद्दल मेसेज

आणि रात्री तेच पान असं:

१२ गुरुवार
× विजेचं बिल भरणे
• पासपोर्टच्या फॉर्मसाठी फोटो काढून आणणे
○ ४:३० डेंटिस्ट
– दाढेला कॅप लागेल, पुढची तारीख २६, सकाळी ११
× मावशीला फोन
– मावशी पुढच्या महिन्यात ऑपरेशनसाठी येतेय, आठवडाभर राहणार
– ऑफिसचा प्रिंटर सोमवारपर्यंत बंद
• घरमालकाला गळणाऱ्या नळाबद्दल मेसेज (या ओळीवर आडवी रेघ, कारण प्लंबर आधीच येऊन गेला)

आता बघा काय काय झालं. फोटोचं काम राहिलं, ठिपका उघडा आहे, त्याला आज काहीच करायचं नाही, तो तिथेच राहू दे. डेंटिस्टची २६ तारीख याच महिन्यातली, तर ती महिन्याच्या पानावर २६ समोर टाकायची. मावशीचं येणं पुढच्या महिन्यातलं, तर ते फ्यूचर लॉगमध्ये. या दोन उड्या झोपायच्या आधी मारून टाका, एक मिनिटाचं काम आहे, पण ते केलं नाही तर ती २६ तारीख गुरुवारच्या पानात पुरली जाते आणि २७ला क्लिनिकमधून फोन येतो.

लिहिताना वाक्यं नको. "आज मला आठवणीने विजेचं बिल भरलं पाहिजे" एवढं लिहायला लागलात तर चौथ्या दिवशी कंटाळा येणार. पण इतकंही तोडू नका की नंतर तुम्हालाच कळणार नाही. "पासपोर्ट" असं एका शब्दात लिहिलेला ठिपका महिनोन्‌महिने उघडा राहतो, कारण पासपोर्ट हे काम नाहीच, ती दहा कामांची मोळी आहे. "फॉर्मसाठी फोटो काढून आणणे" हे काम आहे, कारण ते वाचल्यावर कुठे जायचं, काय करायचं हे कळतं. लिहिण्याआधी नेमकी क्रिया कुठली याचा विचार करा: फोन करणे, भरणे, विचारणे, छापून आणणे.

याच्यामागे थोडं मानसशास्त्रही आहे. १९२७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक हिने लिहिलं होतं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतर तिचा हा निकाल सगळ्यांना तसाच मिळाला नाही. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी जे दाखवलं ते आपल्या कामाचं आहे: अर्धवट काम डोक्यात घुटमळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम अजून झालेलं नसलं तरीसुद्धा, त्याचं घुटमळणं कमी होतं. म्हणजे नुसतं "पासपोर्ट" लिहून डोकं मोकळं होत नाही, नेमकी पुढची पायरी लिहावी लागते.

नोंदींची आडवी रेघ लोक कमी वापरतात. वापरा. कोणी फोनवर सांगितलेला आकडा, मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं, औषधाने पित्त झालं, हे सगळं रेघेने. मूड, मनातलं वगैरे लिहायचं असेल तर तेही इथेच, एका ओळीत, आणि जास्त आलं तर जास्त लिहा, कोणी मोजत नाहीये.

वेळ किती लागतो? सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं, मधे दिवसभर सुचेल तेव्हा एकेक ओळ. वही उघडी, टेबलावर, पेन आत. बॅगेत चेन लावून ठेवलेली वही कोणी काढत नाही.

मायग्रेशन, म्हणजे मागील पानावरून पुढे

हे खरं काम. महिना संपला, नवीन महिन्याची दोन पानं आखली, आता मागे जा आणि सरलेल्या महिन्याचं प्रत्येक पान चाळा. जिथे जिथे उघडा ठिपका आहे तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, हे करायचंय का अजून?

नाही, तर ओळीवर रेघ. हो, या महिन्यातच, तर ठिपक्यावर > आणि नवीन महिन्याच्या उजव्या पानावर ते काम पुन्हा लिहा. हो, पण ऑक्टोबरमध्ये, तर ठिपक्यावर < आणि फ्यूचर लॉगच्या ऑक्टोबरमध्ये. काही ठिपके काम कमी आणि कल्पना जास्त असतात, ते एखाद्या विषयाच्या पानावर न्या, त्याबद्दल पुढे येतंच.

यात हाताने पुन्हा लिहायला लागतं हा त्रास आहे ना, तोच या पद्धतीचा सगळा फायदा आहे. फोनवरच्या अॅपमध्ये न झालेलं काम आपोआप उद्यावर जातं, परवावर जातं, काहीही कष्ट न पडता शंभर कामांचं शेपूट मागे लागतं आणि मग ते अॅपच उघडावंसं वाटत नाही. इथे "जुने फोटो अल्बममध्ये लावणे" हे काम तुम्ही मेमध्ये लिहिलं, जूनमध्ये पुन्हा लिहिलं, जुलैमध्ये पुन्हा लिहिताना हात आपोआप थबकतो, की अरे, हे मी खरंच करणारे का? तो थबकणारा हात महत्त्वाचा. ज्या कामासाठी सात-आठ शब्द पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ते काम करायचा कंटाळा तर नक्कीच येणार, मग रेघ मारा आणि सुटा. अपराधी वाटायचं काही कारण नाही, कोणी काही सांगायला येत नाही.

माझा नियम असा आहे की एकच काम तिसऱ्यांदा पुढे न्यायची वेळ आली तर ते जसंच्या तसं पुढे न्यायचं नाही. एकतर रेघ, नाहीतर ते फोडून त्याचा सगळ्यात छोटा तुकडा लिहायचा, नाहीतर समोर कोणाचं नाव लिहायचं, म्हणजे दुसऱ्याला सांगायचं. तीन महिने पुढे जाणाऱ्या कामांमध्ये बहुतेक वेळा एक फोन अडकलेला असतो जो करायला नको वाटतोय.

महिनाभर थांबणं ज्यांना जड जातं त्यांनी आठवड्याला एकदा दहा मिनिटं फक्त मागची सात दिवसांची पानं चाळावीत. तेव्हा पुन्हा लिहायचं नाही, उघड्या ठिपक्यांवरून नजर टाकायची, जे येत्या दोन-तीन दिवसांत करता येईल त्याला चांदणी. रोज रात्री सगळी राहिलेली कामं उद्याच्या तारखेखाली पुन्हा लिहिणारे लोक आहेत, पण रोज तेच लिहायला लागलं की हात सवयीने लिहितो, थबकत नाही, आणि सगळा उद्देशच जातो.

वेळेचा हिशेब धरला तर पहिल्या महिन्याच्या मायग्रेशनला अर्धा-पाऊण तास जाईल, पुढे कमी. पहिल्या वेळी मारलेल्या रेघा बघून धक्का बसतो, निम्म्याहून जास्त यादी उडाली तरी घाबरू नका.

कलेक्शन, म्हणजे एका विषयाचं एक पान

पुढचं कोरं पान, वर विषय, इंडेक्समध्ये ओळ. घर शिफ्ट करण्याची यादी, वाचायची पुस्तकं, कोणाला किती उसने दिले, गाडीचं सर्व्हिसिंग कधी आणि काय काय बदललं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, मुलांचे कपड्या-बुटांचे साइज. शेवटचे दोन तर सगळ्यांनी ठेवावेत. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं, पानावर असलं की वाचून विचारता येतं आणि त्यांनी सांगितलेलं तिथेच रेघ मारून लिहिता येतं.

आधीच दहा कलेक्शन आखून ठेवू नका, एक ना धड भाराभर चिंध्या होतात. एकाच विषयाच्या नोंदी रोजच्या पानांत चार-पाच वेळा दिसायला लागल्या की त्याला पान द्या. महिनाअखेरीच्या चाळणीत ते बरोबर लक्षात येतं.

हॅबिट ट्रॅकर, म्हणजे एखादी सवय रोज पाळली की नाही याची नोंद, त्याबद्दल एवढंच की करायचा तर एक किंवा दोन सवयींचाच करा, आणि त्यासाठी वेगळी चौकटींची जाळी कशाला, महिन्याच्या डाव्या पानावर तारखांच्या शेजारी एक उभी रेघ ओढा, वर "चालणं" लिहा, ज्या दिवशी झालं त्या दिवशी फुली. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जे मोजलं त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातच हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडत नाही. तेव्हा एक चौकट रिकामी राहिली म्हणून महिना सोडून देऊ नका. पाणी किती प्यायलं, किती वाजता झोपलो, मूड कसा, पावलं किती असे बारा रकाने करणाऱ्यांचं आठवड्याभरात काय होतं ते त्यांच्याच वहीत दिसतं.

फोनचं काय करायचं

वही वाजत नाही. साडेचारला निघायचंय तर फोनवर अलार्म लावा, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायचं कॅलेंडर, ऑफिसच्या मीटिंगची आमंत्रणं, दर महिन्याला आपोआप आठवण करून देणाऱ्या गोष्टी फोनवरच बऱ्या. वहीत काय, तर ज्याचा विचार करायचाय, निवड करायचीये ते. आणि महिन्यातून एकदा महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून ठेवा, चहा सांडतो, पाऊस लागतो.

खंड पडला तर

पडणारच. आजारपण, प्रवास, नुसता कंटाळा. छापील डायरीत अशा वेळी कोरी पानं मागे राहतात आणि ती बघून आणखी नको वाटतं. इथे शेवटच्या नोंदीच्या खाली एक ओळ सोडा, आजची तारीख लिहा, पहिला ठिपका काढा. मधले दिवस आठवून भरत बसू नका. फार दिवस गेले असतील तर नवीन महिन्याचं पान करून तिथून सुरू करा, मागचे उघडे ठिपके एकदा चाळा आणि त्यातले खरंच जिवंत असतील तेवढेच आणा.

वही संपली की

शेवटची दहा-बारा पानं उरली की नवीन वही आणून ठेवा, आणि शक्यतो महिन्याच्या सुरुवातीलाच बदला, म्हणजे मायग्रेशन आणि वही बदलणं एकाच बैठकीत होतं. जुन्या वहीचा इंडेक्स समोर ठेवून वरून खाली जा. फ्यूचर लॉगमधल्या अजून यायच्या तारखा नवीन वहीत लिहा. चालू कलेक्शन असतील, म्हणजे उसने दिलेले पैसे किंवा मुलांचे साइज, तर तेवढेच उतरवा, ताजे आकडे फक्त. संपलेल्या विषयांची पानं तिथेच राहू देत, पण त्यांचा पत्ता लागेल असं करा: वह्यांना नंबर द्या, आणि नवीन वहीच्या इंडेक्समध्ये "घर बदलणं: १.४३" असं लिहा, म्हणजे पहिल्या वहीचं ४३वं पान. जुन्या वहीच्या पाठीवर स्टिकर लावून सुरुवात आणि शेवटाचा महिना लिहा आणि कपाटात उभी ठेवा, आडव्या चळतीत खालची वही कोणी काढत नाही.